सीट अडकली, कंबर धरली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या जुन्या पेशंट असलेल्या एक बाई दवाखान्यात आल्या. वय त्रेसष्ट, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उजव्या कुल्ह्यातून निघणारी कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जात होती. खुर्चीतून उठताना कंबर धरायची. तपासले. पाय सरळ वर उचलला की कळ वाढत होती, पण पायाची ताकद शाबूत होती, बधिरपणा नव्हता. सायटिकेचे दुखणे आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांना रोजचेच. वेदनाशामक गोळ्या, शेक, दोन व्यायाम आणि "वजन उचलू नका" हा ठरलेला उपदेश देऊन मी त्यांना पाठवले. गोळ्या दहा दिवसांच्या होत्या.

पाच आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. दुखणे तसेच होते आणि त्याच गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून चालू होत्या. हे ऐकून मला घाम फुटला, कारण बाईंना ब्लडप्रेशर आहे आणि त्यांच्या यजमानांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. मूत्रपिंड गेले की काय होते हे रोज डोळ्यांनी पाहणारे घर आणि त्याच घरात मूत्रपिंडाला अपाय करू शकणारी गोळी न चुकता पोटात जात होती! गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासायला पाठवले. ते सुदैवाने ठीक निघाले.

"डॉक्टर, आता एमआरआय करू या का?" बाईंनी विचारले. मग पर्समधून एक वही काढली. गणिताच्या बाई त्या, दुखण्याचीही नोंद ठेवली होती. कोणत्या दिवशी किती दुखले, दहापैकी किती गुण. मी वही चाळली. मंगळवारी आठ, गुरुवारी आठ, शनिवारी नऊ. रविवारी तीन.

मंगळवार, गुरुवार, शनिवार हे यजमानांच्या डायलिसिसचे दिवस. यजमानांना रुग्णालयात नेणे-आणणे बाई स्वतः गाडीने करतात. "गाडी चालवताना बसता कशा?" हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. विचारला नव्हता, ही चूक माझी. गाडी दवाखान्याखालीच उभी होती. मी म्हटले, "चला, मला बसून दाखवा."

बाईंची उंची चार फूट अकरा इंच. ड्रायव्हरची सीट पार मागे गेलेली. पाठीमागे दोन उश्या कोंबलेल्या आणि बाई सीटच्या अगदी कडेवर टेकलेल्या. ब्रेक पूर्ण दाबायचा तर कंबर पुढे घसरत होती आणि पाठ उश्यांपासून सुटत होती.

"सीट पुढे का घेत नाही?"

"बटणाची सीट आहे. मुलगा आला होता परदेशातून, सहा फुटी. त्याने मागे घेतली. तो गेल्यापासून बटण दाबले तरी हलत नाही. म्हटले, एवढ्यासाठी गॅरेजमध्ये गाडी कशाला टाकायची? मग डायलिसिसला न्यायचे कसे?"

आज गाडीच्या सीटवर लिहायचे कारण हेच. (बाईंच्या परवानगीने लिहीत आहे.) पंचवीस वर्षांपूर्वी विजेवर सरकणारी सीट हा श्रीमंतांचा थाट होता. आमच्या लहानपणी अँबॅसिडरला पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट असायची, आणि ड्रायव्हरच्या उंचीप्रमाणे बाकीच्यांनी पाय दुमडायचे. आता मधल्या किमतीच्या गाड्यांतही बटणाची सीट मिळते आणि पुण्यात वापरलेल्या अशा गाड्या सेकंडहँड होऊन तालुक्याच्या गावी येतात. सीट बिघडली की माणूस गाडी दुरुस्त करत नाही, स्वतःचे शरीर वाकवून घेतो. मग त्याचे बिल कंबर भरते.

बसण्याने कंबर का दुखते, हे आधी पाहू. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी एक चकती असते. १९६० च्या दशकात स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी माणसांच्या चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला. आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त दाब पडतो, असे त्यांना आढळले. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजमाप झाले, तेव्हा ताठ बसणे आणि उभे राहणे यांत एवढा फरक दिसला नाही. पण दोन्ही मोजमापांत एक गोष्ट सारखी निघाली. पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि पाठ मागे टेकली की तो कमी होतो.

आता बाईंचे बसणे पाहा. पेडल लांब, म्हणून पाय ताणलेले. मांडीच्या मागचे स्नायू ताणले गेले की ते ओटीपोटाचे हाड मागे ओढतात. त्यामुळे कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, कंबर उलटी गोल होते, आणि चकती मागच्या बाजूला, म्हणजे जिथून पायाची नस निघते तिकडे दाबली जाते. त्यात उजवा पाय सतत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये अधांतरी. त्यात आपल्या रस्त्यांचे खड्डे. गाडीचे हेलकावे सेकंदाला चार-पाच या गतीने बसू लागले की पाठीचा कणाही त्याच तालावर हलू लागतो, म्हणून ट्रक आणि ट्रॅक्टर चालवणारे कंबरदुखीने हैराण असतात. कोथरूडहून रुग्णालयापर्यंतचा पाऊण तास आणि परतीचा पाऊण तास बाई आठवड्यातून तीनदा असा काढत होत्या.

हे झाले दुखण्याचे. याहून मोठा धोका अपघाताचा. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था १९६६ पासून आहे. वाहनाची सीट आणि सीटबेल्ट हे सुरक्षेचे भाग म्हणून तपासले जातात, केवळ आरामाचे म्हणून नव्हे. पाठीमागे कोंबलेली उशी कोणी तपासलेली नसते. जोराचा ब्रेक लागला की ती घसरते. पट्टा ढिला पडतो आणि डोक्याचा आधार डोक्यापासून वीतभर लांब राहतो. उलट सीट पुढे अडकली असेल आणि छाती स्टिअरिंगला चिकटत असेल, तर एअरबॅग फुटताना तिचाच तडाखा छातीला बसतो. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आहे. छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच अंतर हवे.

बसण्याचे बाकीचे माप सोपे आहे. कुल्हे सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवा. ब्रेक तळापर्यंत दाबा, तरीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. पाठ काटकोनापेक्षा किंचित मागे कललेली असावी. डोक्याच्या आधाराचे वरचे टोक निदान कानाच्या वर यावे. आणि पुरुषांनी मागच्या खिशातले जाडजूड पाकीट काढून बसावे. एका बाजूच्या कुल्ह्याखाली पाकीट ठेवून रोज तासभर गाडी चालवणारे आणि "एकाच पायात मुंग्या का येतात?" असे विचारणारे निदान चार जण तरी माझ्याकडे दरवर्षी येतात.

सीटचा आजार कसा ओळखावा?

मी मेकॅनिक नाही. पण बाईंच्या सीटच्या निमित्ताने नाना पेठेतल्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनजवळ तासभर बसलो, आणि तो सीट तपासतो तसेच आम्ही पेशंट तपासतो हे पाहून गंमत वाटली. आधी विचारायचे, मग पाहायचे, मग ऐकायचे, आणि हत्यार शेवटी.

सीटच्या पोटात छोट्या मोटरी असतात, बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालणाऱ्या. एक मोटर सीट पुढे-मागे नेते, दुसरी वर-खाली, तिसरी पाठ कलती करते. बटण एका बाजूला दाबले की वीज एका दिशेने जाते, दुसऱ्या बाजूला दाबले की उलट दिशेने, आणि मोटर उलटी फिरते. मोटर दातेरी चाके फिरवते, चाके एक लांब आट्यांचा दांडा फिरवतात आणि सीट रेलवर सरकते. विजेची वाट अशी: बॅटरीतून फ्यूज, मग बटण, मग सीटखालचा कपलर, मग मोटर, आणि शेवटी गाडीच्या पत्र्याला अर्थ. जाणारी वाट तुटली काय किंवा परतीची, सीट हलत नाही.

पहिला प्रश्न हा की, काहीच हलत नाही की एकच हालचाल बंद आहे? सीट वर-खाली होते पण पुढे-मागे होत नाही, तर दोष त्या एका मोटरीत, तिच्या वायरीत किंवा बटणाच्या त्या भागात. सगळेच बंद असेल तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे फ्यूज, मुख्य कपलर किंवा अर्थ. एकाच दिशेला जाते, परत येत नाही, असे असेल तर बहुधा बटण.

दुसरे, कान द्या. गाडी शांत जागी उभी करून बटण दाबा. मुळीच आवाज नाही, तर वीज पोचत नाही. घूं घूं आवाज येतो पण सीट हलत नाही, तर मोटर ठीक आहे, दाते झिजलेत किंवा दांडा सुटला आहे. नुसती टक् वाजून थांबते, तर काहीतरी अडकले आहे किंवा बॅटरी अशक्त आहे. रात्री आतला दिवा लावून बटण दाबून पाहा. दिवा मंद झाला तर वीज मोटरीपर्यंत जाते आहे आणि मोटर अडली आहे. दिवा जसाच्या तसा राहिला, तर वीज वाटेतच तुटली आहे.

तिसरे, वाकून टॉर्चने सीटखाली पाहा. पाण्याची बाटली, लहान मुलांची खेळणी, नाणी, पेन, छत्रीची मूठ यांपैकी काहीही रेलमध्ये अडकलेले सापडते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, निम्म्या वेळा पान्याला हातच लावावा लागत नाही." पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय यांनी सीटखालचा गालिचा भिजतो, अर्थचा स्क्रू गंजतो. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. एक सूचना सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराचे पाणी शिरले, तशी वेळ दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावावर येते. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत करता येते. सीटखालच्या रेलवरचा गंज आणि बोल्टच्या खाचेतला वाळलेला चिखल मात्र लपत नाही. गाडी घेताना सीट पार पुढे नेऊन मागून टॉर्च मारून पाहावे.

काही वेळा आजार नसतोच. काही गाड्यांत चावी फिरवल्याशिवाय सीट हलत नाही. काहींत दार उघडले की सीट आपोआप मागे जाते, उतरायला सोपे जावे म्हणून. मालकाला वाटते भूत शिरले. ज्या सीटला मालकांची जागा लक्षात ठेवण्याची सोय असते, तिला बॅटरी बदलल्यावर कधी कधी नव्याने शिकवावे लागते. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन आणायची. गाडीची पुस्तिका आपण डॅशबोर्डच्या कप्प्यात लॅमिनेटेड देवाच्या फोटोखाली ठेवतो आणि कधी उघडत नाही, हा आपला रिवाजच आहे.

फ्यूज घरी पाहता येतो. त्याची जागा पुस्तिकेत दिलेली असते. जळला असेल तर त्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घालायचा. तीस लिहिले असेल तर तीस. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवू नये. सीटच्या आत फोम असतो आणि त्यावर आपण बसलेले असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर पुन्हा घालू नका, वायर कुठेतरी घासली आहे. बटण दाबून धरण्याचा हट्टही करू नये. मोटर तापते. दहा-पंधरा मिनिटे थांबून एकदा पाहावे, बस्स.

यापुढे हात घालू नका. ड्रायव्हरच्या सीटखाली आणि बाजूला एअरबॅगच्या आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्राच्याही वायरी असू शकतात. त्यांचे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. चावी चालू असताना ते ओढले तर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि गॅरेजमध्ये मशीन लावल्याशिवाय विझत नाही. त्याहून वाईट म्हणजे एअरबॅग नको तेव्हा फुटू शकते. जाणकार माणूस आधी बॅटरीची तार काढतो, काही मिनिटे थांबतो आणि मगच सीटचे बोल्ट खोलतो. तुमचा माणूस असे करत नसेल तर माणूस बदला.

आणखी एक बिघाड आहे, जो ध्यानात येत नाही. एका बाजूची रेल पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, की सीट किंचित तिरकी होते. गाडी चालते, सीटही थोडी हलते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण त्यावर बसलेल्या माणसाचा ओटीपोटाचा भाग पिळलेला राहतो आणि कंबर एकाच बाजूने दुखते. शंका असेल तर मागे उभे राहून सीटची पाठ मागच्या सीटला समांतर आहे का ते पाहावे.

ज्यांच्या गाडीला साधा लोखंडी दांडा उचलून सरकवायची सीट आहे, त्यांनीही निर्धास्त राहू नये. सीट सरकवल्यावर दांडा खाचेत खट् करून बसला पाहिजे. अंग पुढे-मागे हलवून खात्री करा. अर्धवट बसलेली सीट ब्रेक दाबताना मागे पळते, आणि नेमका तेव्हाच पाय पेडलवरून सुटतो.

सीट दुरुस्त होईपर्यंत काय करायचे? पाठ टेकलेली ठेवून ब्रेक तळापर्यंत दाबता येत असेल तरच गाडी चालवा. येत नसेल तर ज्याच्या उंचीला ती सीट जमते त्याला चालवू द्या, नाहीतर रिक्षा करा. जाड उशीपेक्षा कमरेच्या खळगीत गुंडाळलेला छोटा टॉवेल बरा, पण तो कमरेचा बाक सांभाळण्यासाठी, अंतर भरून काढण्यासाठी नाही. लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. पोटरीचे स्नायू हलले की पायातले रक्त वर चढते, गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

मात्र प्रत्येक कंबरदुखी सीटच्या माथी मारू नये. पायाचा पंजा लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधल्या, खोगीर टेकते त्या भागाला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, उद्यावर ढकलू नका. ताप, विनाकारण घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काही असेल तर तपासण्या हव्यातच. आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. ब्लडप्रेशर, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये.

बाईंच्या सीटचे निदान त्या दिवशी तिथेच जवळजवळ झाले होते. सगळ्या हालचाली बंद, आवाज नाही, आतला दिवा मंद होत नाही, एअरबॅगचा दिवा लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, डायलिसिस नसलेल्या वारी, इलेक्ट्रिशियन त्यांच्या सोसायटीत आला. फ्यूज धड होता. सीटखालचा मुख्य कपलर अर्धा निखळलेला निघाला. मुलाने विमानतळावर जाताना मागून सीटखाली बॅग कोंबली होती, तिच्या पट्ट्याने वायर ओढली गेली होती. बॅटरीची तार काढणे, कपलर बसवणे आणि वायर क्लिपमध्ये अडकवणे, सगळे मिळून वीस मिनिटे. उश्या घरात गेल्या. व्यायाम चालू ठेवले. एमआरआय केला नाही. सहा आठवड्यांनी बाईंनी वही दाखवली, शनिवारी दोन. त्यांनी सीटच्या रेलवर स्वतःच्या मापाची खूण पांढऱ्या रंगाने करून ठेवली आहे, आणि मुलाला फोनवर बजावले आहे की पुढच्या वेळी येशील तेव्हा बॅग डिकीत.